म्हाताऱ्याच्या गळ्यातलं लोढणं

रोज सकाळी बिरदेव चहा पिण्याआधी पेल्याला अंगठा लावून बसायचा. पेला स्टीलचा, चहा चुलीवरून नुकताच उतरलेला. उजव्या हाताचा अंगठा तो पेल्याच्या अंगाला टेकवायचा, चटका बसला की उचलायचा, फुंकर घालायचा, परत टेकवायचा. अंगठा लाल होऊन सैल पडला की मग पेला तोंडाला. तोवर चहावर साय धरलेली असायची. ती ओठानंच बाजूला सारून तो एका दमात पेला रिकामा करायचा. त्याची आई भागुबाई चुलीपाशी बसून हे बघायची आणि सुनेला म्हणायची, "चंदे, इचार त्याला, चहा प्यायलाय का अंगठा शिजवायलाय." चंदा हसायची. पण खळखळ उकळल्याशिवाय तिनं चहा कधी उतरवला नाही. त्या अंगठ्यावर घराचं काही चालत नव्हतं. तरी त्याला जपायचं, एवढं तिला कळत होतं.

पूर्वी त्याचे दोन्ही हात नावाजलेले होते. वालूरच्या धनगर गल्लीत म्हणायचे, मेंढी कातरावी तर बिरदेवनं. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, उजव्या हातानं कातर चालवायची. पांघरलेली घोंगडी उतरावी तशी लोकर अखंड खाली यायची आणि मेंढीच्या अंगावर कुठं लाल ओरखडा दिसायचा नाही. पाथरीपासून झरीपर्यंत लोक त्याला बोलावून न्यायचे. चंदाचं माहेर झरीचं. तिनं त्याला पहिल्यांदा बघितलं ते तिच्या बापाच्या मेंढ्या कातरताना, आणि चेहऱ्याआधी हात बघितले. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी, ऐन सुगीत, तो एका शेतकऱ्याच्या सोयाबीनवर मजुरीला गेला. हडंब्यात पेंढी लोटताना पेंढीबरोबर डावा हातही आत ओढला गेला. मळणीचं ते यंत्र कुणी बंद करेपर्यंत अंगठा आणि चारी बोटं गेली होती. तळवा तेवढा राहिला.

एका हातानं मेंढी धरवतसुद्धा नाही, मग कातरायची कुठून. कातर त्यानं गोणपाटात गुंडाळली आणि आढ्याला खोचून ठेवली. कळप चारायला आई आणि चंदा न्यायच्या, तो मागून चालायचा. एखादी मेंढी कुणाच्या हरभऱ्यात शिरली की तो ओरडायचा आणि धावायचं काम दोघी करायच्या. हळूहळू त्यानं मागून येणंही सोडलं. ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसायचा. कुणी विचारलं, काय चाललंय, तर म्हणायचा, बसायलोय.

जीवन हा त्याचा शाळेतला सोबती. बसस्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. ओसरीवर गप्प होत चाललेल्या मित्राला त्यानं एक दिवस गाडीवर मागं बसवलं, दुकानात नेलं आणि एक दुरुस्त केलेला जुना फोन पुढ्यात ठेवला. दुकानाच्या बाकावर गावातली पोरं एक खेळ खेळत बसलेली असायची. खेळ समजायला सोपा होता. दोघांनी आपापला गडी निवडायचा, पडद्यावर झुंज लागायची, ज्याच्या गड्याचा जीव आधी संपेल तो हरला. वेळ संपेपर्यंत दोघेही उभे राहिले, तर ज्याचा जीव जास्त उरला तो जिंकला. गडी पुष्कळ होते. कुणी उड्या मारणारा, कुणी तलवार फिरवणारा, कुणी आगीच्या मुठी हाणणारा. डाव्या अंगठ्यानं गडी पळवायचा आणि उजव्यानं वार करायचा.

बिरदेवला एका वेळी एकच काहीतरी करता येणार होतं. सगळे गडी आजमावून झाल्यावर त्याला एक सापडला, ज्याला पळताच येत नव्हतं. पांढरी दाढी, हातात काठी. चालायचासुद्धा रखडत. तो जागेवर उभा राहायचा आणि कुणी जवळ आलं की टोला हाणायचा. खेळात त्याचं काही इंग्रजी नाव होतं, वालूरची पोरं त्याला म्हातारा म्हणायची. तो हमखास हरायचा म्हणून कुणी त्याला घेत नसे. बिरदेवनं घेतला. मांडीवर घोंगडीची घडी, घडीवर फोन, डाव्या तळव्याचा नुसता टेका आणि वर उजवा अंगठा, सकाळी पेल्यावर शेकून सैल केलेला.

दोन वर्षं तो हरत राहिला. पण रोज दुकानात जात राहिला. चंदाला खेळातलं काही कळत नव्हतं. घरात मात्र म्हाताऱ्याचा वावर सुरू झाला. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती विचारायची, "म्हातारा कसा हाय तुमचा?" तो म्हणायचा, "चारदा मेला आज." भागुबाई दाराशी बसून म्हणायची, "लय चिवट हाय मेला, माझ्या सासऱ्यावाणी." मग तो सांगायचा, कोण कुठून अंगावर आला, किती जवळ येऊ द्यायला हवं होतं, टोला कसा जरा लवकर पडला. जवळ येऊ देणं हीच सगळी करामत आहे, असं त्याचं म्हणणं. भेदरलेली मेंढी जशी जवळ येऊ द्यायची, हात हलवायचा नाही, श्वाससुद्धा सावकाश घ्यायचा, तसं. चंदाला एवढं कळायचं. त्याला पुन्हा हातानं करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं, हेही कळायचं.

दिवाळीच्या सुमारास खेळ बनवणाऱ्या कंपनीनं खेळात बदल केले. कुणीच घेत नसलेल्या गड्यांना त्यांनी थोडं थोडं बळ दिलं. म्हाताऱ्याला जरा जास्तच दिलं. आता त्याच्या काठीचा टोला बसला की समोरच्याचा जीव कमी व्हायचा आणि तेवढा म्हाताऱ्याचा वाढायचा.

बिरदेव जिंकायला लागला. आधी अधूनमधून, मग रोज, मग प्रत्येकाशी. सेलूहून कॉलेजची मुलं त्याच्याशी खेळायला म्हणून यायला लागली. तो दाढी करून दुकानात जायला लागला. एका सकाळी चंदानं बघितलं, तो कळपामागं निघालेल्या आईला म्हणत होता, तू बस घरी, मी जातो. माघात गावची जत्रा, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी जीवन दरवर्षी ह्या खेळाची स्पर्धा भरवायचा. जिंकेल तो वालूरचा गडी म्हणून परभणीला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचा. एकदा जेवताना भाकरी मोडता मोडता बिरदेव एकदम म्हणाला, "टी-शर्ट देत्यात तितं. पाठीवर नाव छापत्यात. बिरदेव, आन खाली वालूर." चंदानं त्याच्या ताटात पिठलं वाढलं. त्याला जिंदगीत आणखी काही नको होतं, हे तिला त्याच्या न बघण्यावरून कळलं.

जत्रा आठवड्यावर आली असताना चंदा रेशन घ्यायला बसस्टँडकडं गेली होती. त्या दिवशी कळप बिरदेवनं नेला होता. येताना दुरुस्तीला दिलेला चार्जर घ्यायला ती जीवनच्या दुकानाशी थांबली. दुकान पोरांनी भरलं होतं आणि वाद चालला होता. वाद म्हाताऱ्याचा होता.

बोलत होता भुजंग. ऊसवाल्या घरातला, सेलूला डिप्लोमा करणारा, दिवाळीआधी गावात त्याला हरवणारं कुणी नव्हतं. तो वाईट नव्हता. चंदा दिसताच त्यानं बाकावरची पिशवी उचलून तिला जागा केली. पण बोलणं थांबवलं नाही. त्याचं म्हणणं, म्हाताऱ्याला स्पर्धेतून काढून टाकावं. मोठ्या शहरांत काही ठिकाणी काढलाय, काही ठिकाणी ठेवलाय. आपणही आपलं ठरवावं.

"बिरदेवभाऊशी माझं वाकडं न्हाई," तो म्हणाला. "पण जवळ गेलं की टोला, टोला बसला की त्याचा जीव भरतो. मग आमी खेळायचं काय? आन उद्या समद्यांनीच म्हातारा घेतला तर? दोन म्हातारे समोरासमोर उभे, हलायचं नाव न्हाई, आन सारं गाव बघत बसलंय."

"बारवेपाशी पारावर रोज बसत्यात तसे," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. जीवनही हसला, पण त्याचं हसू लगेच मावळलं.

"दोन वरीस त्यो ह्याच म्हाताऱ्याला घेऊन मार खात होता," तो म्हणाला. "तवा तुमी मज्जा बघितली. तवा कुणी म्हणलं का, ह्याला जरा बळ द्या म्हणून?"

भुजंग म्हणाला, "न्हाई म्हणलं. पण तवा खेळ बिघडत न्हवता, दादा. आता बिघडायलाय."

चंदाला वाटलं, ह्यावर उत्तर नाहीच. म्हातारा ठेवला तर आम्ही नाव देणार नाही, सेलूच्या स्पर्धेला जाऊ, असं पोरं म्हणत होती. काढला तर बिरदेव घरी बसणार, कारण दुसरा गडी त्याच्या हातानं चालत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कुणी त्याचा हात शब्दात आणत नव्हतं. दुकानातला पंखा नुसता वाजत होता. काऊंटरवर उघडून ठेवलेल्या एका फोनचे इवलेसे स्क्रू जीवन बोटानं एका रांगेत लावत होता. मग कंटाळून, काहीतरी बोलायचं म्हणून, तो चंदाकडं वळला.

"वयनी, तुमीच सांगा. काय करावं तुमच्या ह्या म्हाताऱ्याचं?"

तो चेष्टेत म्हणाला होता. चंदानं ते खरं धरलं. एवढ्या लोकांत तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं, आणि जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिला लहानपणापासून येत होतं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती म्हणाली, "आमच्यात मेंढा माजला, दुसऱ्या मेंढ्यांना ढुशा मारून बेजार करायला लागला, तर त्याला काय कळपातून काढीत न्हाईत. गळ्यात लोढणं बांधत्यात. पायात येतं, जोर कमी पडतो. पर ऱ्हातो कळपातच."

गळ्यात दोरीनं बांधलेला तो लाकडाचा ओंडका गावात सगळ्यांनी बघितलेला होता, पळणाऱ्या गुराच्या नाहीतर मारक्या मेंढ्याच्या गुडघ्यांवर आपटत राहणारा. त्यामुळं कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम मोकळेपणा आला. म्हाताऱ्याला काढायचं नाही, लोढणं बांधायचं. कसलं लोढणं, तेही भुजंगनंच सुचवलं. म्हातारा घेणाऱ्यानं सुरुवातीला थांबायचं. बघणाऱ्यांनी एकापासून विसापर्यंत मोजायचं, मग जीवन शिट्टी मारेल, त्यानंतर टोला. तोवर समोरच्याला मोकळीक. जीवननं दोनदा तिच्याकडं बघितलं. "चालतंय ना, वयनी?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हातोय ना पण त्यो खेळात? मग चालतंय."

घरी येताना डोक्यावरचं धान्याचं ओझं तिला हलकं वाटत होतं. वाटेत कुणीतरी विचारलं, काय गं, आज एकटीच हसायलीस. आपण नवऱ्याला वाचवलं, असं तिला वाटत होतं. सांगितलं मात्र नाही. जीवनभाऊच्या तोंडून कळू दे म्हणाली.

संध्याकाळी मेंढ्या कोंडून बिरदेव दुकानात जाऊन आला. हातपाय धुतले. मग म्हणाला, "वीस म्हणेपर्यंत मारायचं न्हाई म्हणं."

"जमंल का?" चंदानं विचारलं.

"बघू."

त्या आठवड्यात रोज सकाळी त्याचा अंगठा पेल्यावर जास्त वेळ राहिला.

स्पर्धा गावच्या सभागृहात भर दुपारी होती. खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला होता आणि पुढच्या भिंतीवर मोठा पडदा. जत्रेला आलेले पाहुणेसुद्धा आत येऊन बसले होते. बाया एका अंगाला होत्या, त्यांच्यात पहिल्या रांगेत चंदा आणि भागुबाई. तिथून पडदाही दिसत होता आणि मंचावर बसलेल्या बिरदेवची मांडी, घोंगडीची घडी आणि अंगठाही. चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच झुंज बिरदेव आणि भुजंगची निघाली.

जीवननं हात वर केला आणि गाव मोजायला लागलं.

एक, दोन, तीन. पडद्यावर म्हातारा काठी टेकून उभा होता. भुजंगचा तलवारवाला त्याच्याभोवती फिरत वार करत होता. प्रत्येक वाराला म्हातारा हबकून मागं व्हायचा आणि परत सरळ उभा राहायचा. पाच, सहा, सात. मोजण्याला ताल आला. लहान पोरं टाळ्या धरायला लागली. नऊ म्हणताना कुणीतरी ओरडलं, "खा म्हाताऱ्या, खा," आणि सभागृह हसलं. ह्या हसण्यात वाईट काही नव्हतं, जत्रेचं हसणं होतं ते. भागुबाईसुद्धा इतरांबरोबर मोजत होती. आपण काय मोजतोय हे तिला उमगलं नव्हतं. चंदा पडद्याकडं बघत नव्हती. ती अंगठ्याकडं बघत होती. तो फोनच्या काचेपासून अगदी जवळ, अधांतरी थांबला होता. तेरा. चौदा. मेंढ्याच्या गळ्यात लोढणं बांधताना गाव असं गोळा होत नाही, हे तिला तेव्हा सुचलं. मेंढ्याला लोढण्याची लाजही नसते.

वीस झाले. शिट्टी झाली. म्हाताऱ्याच्या अंगात जीव म्हणून एक बारीक लाल रेघ उरली होती. तलवारवाला अजून जवळच होता. बिरदेवचा अंगठा खाली आला. टोला बसला, रेघ थोडी वाढली. दुसरा बसला, आणखी वाढली. हसणं थांबलं. जीवन उठून उभा राहिला. चंदाला पदर कुठं आहे ह्याचं भान राहिलं नाही.

मग भुजंगनं आपल्या गड्याला मागं नेलं. काठी पोचणार नाही इतक्या अंतरावर नेलं आणि तिथंच उभं केलं. वेळ सरत होता, जीव त्याचाच जास्त होता. त्याला आता काहीच करायचं नव्हतं.

चालत जाण्यावाचून म्हाताऱ्याला गत्यंतर उरलं नाही. वालूरनं म्हाताऱ्याला एवढं चालताना कधी बघितलं नव्हतं. दोन पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं. पोरं खिदळली. बिरदेवचा अंगठा फोनच्या डाव्या टोकाला जाऊन त्याला चालवायचा आणि मारण्यासाठी उजव्या टोकाला परत यायचा, आणि त्या येण्याजाण्यात जेवढा वेळ जायचा तेवढ्यात तलवार चालायची. तीनदा तसं झालं. तिसऱ्यांदा म्हातारा गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

भुजंग लगेच उठून त्याच्यापाशी आला. "भाऊ, लोढणं जरा जडच झालं," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. बिरदेव हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली. मग घोंगडी उलगडून झटकली आणि खांद्यावर टाकली. खाली उतरताना मागच्या रांगेतून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणत होतं, "म्हाताऱ्याचंच बळ होतं सारं. ह्याचं काय होतं त्यात?" आवाज मोठा नव्हता. चंदानं ऐकला म्हणजे बिरदेवनंही ऐकला असणार.

जत्रा पांगायच्या आत त्याला नाव पडलं, लोढण्या. गावात नाव पडायला फार काही लागत नाही, आणि पडलं की ते ठेवणाऱ्याला कशासाठी ठेवलं ते आठवतही नाही. पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत, बांधावर, लोढण्या आला, लोढण्या गेला. म्हणणारे प्रेमानंच म्हणायचे. बिरदेव हाकेला ओ द्यायचा.

दुकानात जाणं त्यानं एकदम बंद केलं नाही. कमी केलं. एका संध्याकाळी मेंढ्यांना पाणी पाजताना, चंदाकडं न बघता, त्यानं विचारलं, "लोढणं बांधा म्हणून तू म्हणलीस म्हणं."

चंदाच्या हातातली बादली खाली टेकली. "तुमाला काढूनच टाकायले होते ते," ती म्हणाली. "मला वाटलं, ऱ्हावं तुमी खेळात."

"व्हय," तो म्हणाला. मेंढीचं पिणं होईपर्यंत थांबला. "काढलं असतं तर बरं झालं असतं गं. लोकं म्हणले असते, हरवता येईना म्हणून काढला. मलाबी तसंच वाटत ऱ्हायलं असतं. आता कळलं की समद्यांना."

"काय कळलं?"

त्यानं डावा तळवा मेंढीच्या पाठीवर ठेवला. जुन्या सवयीनं, कातडी ताणून बघावी तसा. तळवा नुसता लोकरीवरून घसरला. "काय न्हाई," तो म्हणाला.

तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की वीस मोजेपर्यंत उभं राहणं कुणालाही जमलं नसतं, की शेवटचे दोन टोले त्याचे होते, म्हाताऱ्याचे नव्हते. पण ते टोले त्याचे होते का म्हाताऱ्याचे, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं. आणि हेच तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. ती बादली भरून आणायला गेली.

परभणीला भुजंग गेला आणि लगेच हरून आला. होळीच्या आत कंपनीनं म्हाताऱ्याचं बळ काढून घेतलं. जीवननं ही बातमी बिरदेवला सांगायला म्हणून गाडी काढली, धनगर गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथूनच वळून परत गेला. आता म्हाताऱ्याला काढायचं का ठेवायचं, हा प्रश्नच राहिला नव्हता. पोरांनी दुसरा खेळ धरला होता. सगळं होतं तसं झालं, बिरदेवला पडलेलं नाव तेवढं मागं राहिलं.

पाडव्यानंतर पुण्याकडच्या एका गुदामावर वॉचमनची जागा आहे असं मावसभावानं कळवलं. दारापाशी काठी घेऊन बसायचं, एका हातानं भागतं. बिरदेव लगेच हो म्हणाला. फोन त्यानं जीवनला परत दिला आणि साधा बटणाचा घेतला. चंदा म्हणाली, मीबी येते. तो म्हणाला, मेंढ्या कोण बघणार, आई कुणाजवळ ऱ्हाणार. ते खरंच होतं.

पहिले काही महिने रविवारी फोन यायचा. पाऊस झाला का, कुठली मेंढी व्याली, आईचे गुडघे कसे आहेत. नागपंचमीच्या आधी एका रविवारी आला नाही. मग लागेनासा झाला. चंदानं मावसभावाला विचारलं, त्यानं ठेकेदाराला. ठेकेदार म्हणाला, तो त्या गेटवरून कधीच निघून गेला, सांगून गेला नाही, त्याच्या जागी दुसरा माणूस बसवलाय. जीवन स्वतः जाऊन दोन दिवस शोधून आला. परत आल्यावर चंदाच्या दारात उभा राहिला तेव्हा काही सांगायची गरज पडली नाही. भागुबाईनं त्याला पाणी दिलं. त्यानं ते हातात धरलं, पण प्यायला नाही. भांडं ओट्यावर ठेवून तो निघून गेला. सेलूच्या पोलीस ठाण्यात फोटो द्यायचा होता. घरात सापडला तो जुना निघाला, दोन्ही हात असलेला, कातर धरलेला. तोच दिला.

चंदा आता कळप एकटीच नेते. कुणाच्या हरभऱ्यात मेंढी शिरली की ओरडतेही तीच आणि धावतेही तीच. गल्लीत लोढण्या म्हणणं आपोआप बंद झालं आहे. रानात बसल्यावर तिला सभागृहातलं मोजणं आठवतं, आणि कधी कधी मनातल्या मनात ती मोजायला लागते. विसाच्या आत थांबते.

तो गेला त्या सकाळचं तिला सगळं आठवतं असं नाही. जीप दाराशी येऊन हॉर्न वाजवत होती. तो पिशवीचा बंद एका हातानं आणि दातानं आवळत होता. तिनं नेहमीसारखा खळखळता चहा पेल्यात ओतून त्याच्यापुढं ठेवला होता. त्यानं अंगठा लावला नाही. गाठ मारून होईपर्यंत चहावर जाड साय आली, पेल्यावरची वाफ विरली. ती पेला उचलून परत चुलीवर ठेवायला निघाली, तेव्हा त्यानं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "गारच दे. चालतंय."